चौकात बसायचं कुठे?

तिसऱ्या वर्षाला मिनी प्रोजेक्ट नावाचा एक प्रकार असतो, हे सिव्हिलच्या मंडळींना सांगायला नको. बाकीच्या ब्रँचवाल्यांसाठी सांगते : चौघांचा ग्रुप, एक विषय, एक गाईड, आणि सबमिशनच्या आदल्या रात्री हॉस्टेलभर चाललेली स्टेपलरची शोधाशोध. आमच्या ग्रुपच्या वाट्याला विषय आला, "गजबजलेल्या भागातील सार्वजनिक चौकाची रचना". सगळ्यांना वाटलं, सुटलो! बीम नाही, कॉलम नाही, स्टीलचा हिशोब नाही. चार झाडं, दोन बाकडी, मधोमध कारंजं, की झालं.

साइट मी सुचवली. माझं गाव झाई. तलासरी तालुका, पालघर जिल्हा. महाराष्ट्राचा किनारा उत्तरेकडे जिथे संपतो तिथलं मच्छीमारांचं गाव. पुढे लगेच गुजरात. आमच्याकडची माणसं बाजाराला, दवाखान्याला, गाडी पकडायला ज्या गावी जातात तिथल्या स्टेशनसमोर एक मोकळी जागा आहे. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, पुढे कारण कळेलच. सकाळ-संध्याकाळ गाडी आली की तिथे पाय ठेवायला जागा नसते. शेअर रिक्षा, वडापाव, भाजी, कॉलेजची मुलं, कंपनीतून सुटलेले कामगार. दोन वर्षांपूर्वी या जागेचं "सुशोभीकरण" झालं. भोवती लोखंडी रेलिंग, मध्ये हिरवळ, "हिरवळीवर चालू नये" अशी पाटी, आणि कारंजं. कारंजं पहिले काही दिवस उडालं. आता त्याच्या टाकीत कागदाचे कप उडतात.

त्या जागेवर आधी कोण बसायचं? मासेवाल्या बायका. त्यांच्यात माझी आत्याही होती. सुशोभीकरण झालं तेव्हा या बायकांना जवळच्याच मार्केट इमारतीच्या पहिल्या मजल्यावर ओटे मिळाले. फरशीचे, स्वच्छ, डोक्यावर छप्पर. ऐकायला उत्तम. पण गिऱ्हाईक जिना चढेना. आत्या आता रिक्षा स्टँडच्या मागे गटाराच्या कडेला पाटी घेऊन बसते आणि हाकलणारी गाडी आली की उठते.

आमचं पहिलं ड्रॉइंग मी दिवाळीच्या सुट्टीत तिला लॅपटॉपवर दाखवलं. कारंजं आम्हीही ठेवलं होतंच, फक्त गोलाच्या जागी षट्कोनी. हिरवळ, ताऱ्यासारख्या पायवाटा, स्टीलची आठ बाकं. तिने बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "नळ कुठाय?"

"कसला नळ?"

"मासे धुवायला."

मी म्हटलं, "अगं आत्या, मासळी बाजार वर आहे ना आता." ती काही बोलली नाही, उठून अंगणातले बोंबील परतायला गेली. ते ड्रॉइंग आम्ही सबमिट केलं नाही. त्यानंतर जे वाचलं, मोजलं आणि पुसून पुन्हा काढलं, त्याबद्दल हा लेख. (शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाचं पाप संपादक मंडळाच्या माथी!)

सुरुवात करायची ती विल्यम व्हाइट या माणसापासून. न्यूयॉर्क शहराने १९६१ साली एक नियम केला : इमारतीसमोर जनतेसाठी मोकळी जागा सोडा, त्याबदल्यात जादा मजले बांधायची परवानगी घ्या. बिल्डर लोकांनी जागा सोडल्या, मजले चढवले. पण या जागांपैकी काहींत दुपारी बसायला जागा मिळेना आणि काही ओस. असं का? व्हाइट आणि त्याच्याबरोबरच्या तरुण मंडळींनी १९७० च्या दशकात कॅमेरे लावून माणसं मोजली. कोण कुठे बसतं, किती वेळ, एकटं की जोडीने, ऊन सरकलं की काय करतं. १९८० मध्ये त्याचं छोटंसं पुस्तक आलं, "द सोशल लाइफ ऑफ स्मॉल अर्बन स्पेसेस". जागेचा आकार, इमारतीची देखणी रचना, अशी मोठमोठी कारणं त्यांनी तपासली. एकही नीट जुळेना. शेवटी हाती लागलं ते इतकं साधं होतं की व्हायवात सांगितलं तर सर हसतील. जिथे बसायला जागा असते तिथे माणसं बसतात!

पण इथेच खरी गंमत आहे. बसायची जागा म्हणजे बाकच असं नाही. पायरी, कठडा, कुंडीची कड, कारंज्याचा काठ, काहीही चालतं. उंची साधारण एक फूट ते तीन फूट असली की माणूस टेकतो. दोन्ही बाजूंनी पाठीला पाठ लावून बसायचं असेल तर रुंदी अडीच फूट हवी. आणि जिथे बसू नये असं मालकाला वाटतं तिथे तो टोकदार सळ्या लावतो किंवा कठडा उतरता करतो. आमच्या त्या स्टेशनसमोरचं रेलिंग नेमकं याच कामाचं. त्यावर टेकता येत नाही, त्यातून आत जाता येत नाही. आतली हिरवळ फक्त बघायची.

व्हाइटच्या अभ्यासावरून न्यूयॉर्कने १९७५ मध्ये नियम बदलला : चौकाच्या दर ३० चौरस फुटांमागे एक फूट लांबीची बैठक हवीच. हा नियम आम्ही आमच्या साइटला लावून बघितला. जागा ढोबळमानाने ४० मीटर बाय ३० मीटर, म्हणजे १२०० चौरस मीटर, म्हणजे सुमारे १२,९०० चौरस फूट. भागिले ३०, आले ४३० फूट. मीटरमध्ये १३१. आमच्या आठ बाकांची एकूण लांबी भरली १२ मीटर! स्टीलचं बाक घ्यायला गेलं तर आणखी सत्तर-ऐंशी लागतील. चौक आहे की लग्नाचा हॉल?

याचं उत्तर न्यूयॉर्कला जाऊन शोधायची गरज नाही. ते आपल्याकडे फार वर्षांपासून आहे आणि त्याला कट्टा म्हणतात. दादरचं शिवाजी पार्क बघा. मैदान १९२५ मध्ये लोकांसाठी खुलं झालं, तेव्हा नाव माहीम पार्क. १९२७ मध्ये अवंतिकाबाई गोखल्यांच्या पुढाकाराने शिवाजी महाराजांचं नाव मिळालं. मैदान क्रिकेटसाठी आणि सभांसाठी प्रसिद्ध आहे, पण मला विचाराल तर तिथली सर्वांत हुशार रचना म्हणजे भोवतीचा तो बुटका कट्टा. लांबी सुमारे १.२ किलोमीटर. एका शनिवारी आम्ही चौघं टेप घेऊन तिथे गेलो. एक आजोबा म्हणाले, "काय, पाडताय की काय?" कट्टा हद्दही दाखवतो आणि बैठकही देतो. रेलिंग अडवतं, कट्टा अडवतो, पण अडवता अडवता बसा म्हणतो. मैदानाकडे तोंड केलं की मॅच, रस्त्याकडे केलं की रहदारी. पाय उचलून बाजू बदलता येते. बाकावर हे होत नाही. बाक ठेवणाऱ्याने तुमचं तोंड कुठे असावं हे आधीच ठरवलेलं असतं.

गावातला पारही तसाच. झाडाभोवती तीन मीटर व्यासाचा पार बांधला तर परीघ साडेनऊ मीटरच्या आसपास येतो. असे चार पार म्हणजे जवळपास ३८ मीटर बैठक, सावलीसकट. उरलेले ९३ मीटर कडेच्या कट्ट्यात बसवायचे. चौकाची पूर्ण हद्द १४० मीटर, त्यातून येण्याजाण्याला ४७ मीटर मोकळे सोडता येतात. हिशोब जमला! पार गोल असल्यामुळे अनोळखी माणसं एकमेकांकडे पाठ करून बसतात आणि कुणाला अवघडल्यासारखं होत नाही, हा आणखी एक फायदा.

आता सावली. व्हाइटच्या पुस्तकात माणसं ऊन शोधत फिरतात. न्यूयॉर्कच्या थंडीत ते बरोबरच आहे. ते वाक्य आपल्याकडे जसंच्या तसं उतरवलं तर मे महिन्यात चौकात फक्त कावळे बसतील, तेही नाहीत. आमच्या भागाचा अक्षांश साधारण २०.१ अंश उत्तर. डिसेंबरच्या शेवटी भर दुपारी सूर्य क्षितिजापासून साडेशेचाळीस अंशांवर असतो. दक्षिणेला सहा मीटर उंच इमारत असेल तर तिची सावली उत्तरेकडे ५.७ मीटर पडते. छान. पण २०-२१ मेच्या सुमारास सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि त्याच इमारतीची सावली जवळजवळ शून्य. म्हणजे ज्या महिन्यात सावली सर्वांत जास्त हवी त्या महिन्यात इमारतीचा उपयोग नाही. वरूनच काहीतरी हवं : झाड किंवा छत. आम्ही करंज धरला. खारा वारा सोसतो आणि सावली दाट देतो. ग्रुपमधल्या एकाला शोभेचे पाम हवे होते. त्याला मी मे महिन्यात एका पामखाली बसवून फोटो काढायचं कबूल केलं आहे.

पातळीचा मुद्दा माझ्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाचा, कारण आत्याचं गिऱ्हाईक का तुटलं ते त्यात आहे. रस्त्याच्या पातळीपासून फार वर किंवा फार खाली नेलेला चौक चालत नाही, हे व्हाइटने दाखवलं होतं. माणसाला आत काय आहे ते चालता चालता दिसलं पाहिजे. दिसलं नाही तर तो पाय वळवत नाही. न्यूयॉर्कमधलंच ब्रायंट पार्क, शहराच्या मुख्य वाचनालयामागचं. ते रस्त्यापासून उंचावर, भोवती कुंपण आणि दाट झुडपं. १९७० च्या दशकात तिथे गर्दुल्ल्यांचं राज्य होतं. १९८८ मध्ये बंद करून १९९२ मध्ये पुन्हा उघडलं तेव्हा झुडपं काढली, वाटा मोकळ्या केल्या, खाण्याचे स्टॉल दिले आणि हवी तिथे उचलून नेता येतील अशा सुट्या खुर्च्या ठेवल्या. आज ते शहरातलं अत्यंत गर्दीचं पार्क आहे.

मासे घेणारं गिऱ्हाईक कसं असतं? गाडीतून उतरतं, एका हातात डबा, दुसऱ्या हातात मोबाइल, आणि शेअर रिक्षा भरेपर्यंत त्याच्याकडे पाच मिनिटं असतात. पापलेट घ्यायचं असं ठरवून ते निघालेलं नसतं. पाटीत चकचकीत मांदेली दिसली की थांबतं, "कशी दिली?" म्हणतं, दोन रुपयांसाठी भांडतं आणि घेतं. ही सगळी क्रिया जमिनीच्या पातळीवर आणि वाटेतच होते. तिला एक मजला वर नेणं म्हणजे पावसाची पन्हळ गच्चीच्या वर बांधण्यासारखं. इमारत चुकीची बांधली असं मी म्हणत नाही. काँक्रीट चांगलं आहे. फक्त माणसाच्या वाटेचा सर्व्हे कुणी केला नाही.

बरं, यात कायदाही आहे. पथविक्रेत्यांसाठी २०१४ मध्ये संसदेने कायदा केला. त्यात शहर विक्रेता समितीत निदान ४० टक्के सभासद विक्रेत्यांमधून निवडलेले हवेत आणि त्यातल्या एक तृतीयांश स्त्रिया हव्यात. जिथे विकणारे आणि घेणारे परंपरेने जमत आले आहेत अशा जागेला "नैसर्गिक बाजार" असा शब्द कायद्यातच आहे. हा शब्द वाचला तेव्हा मला झाईचा किनारा आठवला. होड्या यायच्या वेळेला तिथे अर्धं गाव असतं. कुणी जाळी शिवतं, कुणी मासळी निवडतं, पोरं नुसती बघतात, म्हातारे उपड्या होडीला टेकून सगळ्यांना सल्ले देतात. एखादी मोठी घोळ लागली तर विचारूच नका. ज्यांचं आपसात बोलणं नाही तेसुद्धा शेजारी उभे राहून वजनाचा अंदाज करतात. व्हाइटने या गोष्टीला एक भारदस्त नाव दिलं आहे, ट्रँग्युलेशन. म्हणजे दोन परक्या माणसांना बोलतं करणारी तिसरी वस्तू. तिकडे ती वस्तू शिल्प किंवा जादूगार असते. आमच्याकडे घोळ.

आता मुलींच्या हॉस्टेलमधल्या माझ्या मैत्रिणींसाठी एक भाग. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचं "व्हाय लॉयटर?" हे पुस्तक २०११ मध्ये आलं, मुंबईतल्या अभ्यासावरचं. त्यांचं निरीक्षण असं की बाई रस्त्यावर दिसते ती कामाने : पिशवी, पर्स, मूल, फोन, काहीतरी कारण हातात धरून. विनाकारण रेंगाळायची मुभा तिला नाही. मला हे वाचून राग आला आणि मग लक्षात आलं की मीसुद्धा त्या चौकात कधी बसलेली नाही. गाडी आली की तोंड खाली घालून रिक्षा. व्हाइटची एक खूण मला फार पटते : एखाद्या चौकात बायकांचं प्रमाण नेहमीपेक्षा कमी असेल तर त्या जागेत काहीतरी बिघडलेलं आहे. बायका जागा जास्त पारखून घेतात.

मासेवाल्या खाली बसायच्या तेव्हा शनिवारी रात्रीच्या गाडीने मी एकटी उतरायचे. आठ-दहा बायका, पाट्यांवर बल्ब, आरडाओरडा, मांजरं. कुणीतरी हटकायचंच, "काय गं, परीक्षा झाली का?" आता त्याच वेळेला तिथे रेलिंगच्या आतल्या काळोखी हिरवळीशिवाय काही नसतं, आणि बाबा स्टँडवर येऊन उभे राहतात. दिवसभर होडीवर काम करून. जेन जेकब्स या बाईंनी १९६१ मध्येच लिहून ठेवलं होतं की रस्ता सुरक्षित ठेवतात ते तिथे आपापल्या कामाने असलेल्या माणसांचे डोळे. आमच्या चौकातले ते डोळे आपण पहिल्या मजल्यावर पाठवले आणि मग म्हणतो हायमास्ट लावा.

महाराष्ट्रात चांगलं काही झालेलंच नाही असं नाही. पुण्याचा जंगली महाराज रस्ता, जो १९७६ मध्ये बांधला आणि वर्षानुवर्षं खड्डा पडला नाही म्हणून सिव्हिलच्या प्रत्येक वर्गात ज्याची कथा सांगतात, त्याच्या फुटपाथची महापालिकेने २०१६-१७ च्या सुमारास नव्याने रचना केली. जुनी झाडं जागच्या जागी ठेवून त्यांच्याभोवती बैठका, मुलांना खेळायला जागा. दुचाकी वर चढवणारे तिथेही आहेतच. पुण्यातच ११ डिसेंबर २०२१ ला लक्ष्मी रस्त्याचा काही भाग एक दिवस वाहनांना बंद ठेवून पादचारी दिन केला. (कोपनहेगनने आपला मुख्य बाजाररस्ता १९६२ मध्येच गाड्यांना बंद केला. तिथल्या दुकानदारांनाही आधी धंदा बुडेल असं वाटत होतं.) माटुंग्याला उड्डाणपुलाखाली रहिवाशांच्या पाठपुराव्यातून २०१६ मध्ये बाग झाली, तिच्यातली वाट नर्मदा नदीच्या वळणांसारखी आहे. लोअर परळला सेनापती बापट मार्गाच्या पुलाखाली २०२२ मध्ये "वन ग्रीन माइल" झाला. पुलाच्या रूपाने छत आयतं मिळालं, म्हणून सावलीचा आणि पावसाचा प्रश्न दोन्हीकडे सुटला. मात्र यातल्या कुठेही मासे विकायची सोय नाही, त्यामुळे माझ्या कामाचं अर्धंच.

उरलेलं अर्धं आम्हाला स्वतः करावं लागलं, आणि ते सर्वांत इंजिनिअरिंगचं निघालं. आमच्याकडे दुपारनंतर वारा समुद्राकडून, म्हणजे पश्चिमेकडून येतो. चौक स्टेशनच्या पश्चिमेला आहे. तेव्हा मासळीचे ओटे पूर्व कडेला, बसणारी मंडळी पश्चिमेला. वास बसणाऱ्यांकडे येत नाही. तो प्लॅटफॉर्मवर जातो हे खरं, पण तसा तो पूर्वीही जातच होता आणि डुलकी लागलेल्यांना स्टेशन आल्याचं कळायचं! स्टेशनच्या दारासमोर सहा मीटर मोकळी वाट आणि तिच्या दोन्ही अंगांना ओटे, म्हणजे रिक्षाकडे जाणारा प्रत्येक जण पाट्यांवरून नजर टाकतच जाणार. इंडियन रोड्स काँग्रेसचा पादचाऱ्यांसाठीचा निर्देश सांगतो की फुटपाथवर निदान १.८ मीटर रुंदी निर्वेध हवी आणि कडेची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. त्याहून उंच झाली की म्हातारी माणसं फुटपाथ सोडून रस्त्याने चालतात. व्हीलचेअरसाठी उतार एकास बारा.

ओट्याची उंची आम्ही ७५ सेंटिमीटर धरली होती, किचनच्या ओट्यापेक्षा जरा कमी. आत्याने तेही खोडलं. "उभं राहून विळीवर मासा कापतेस का तू?" बरोबर. विळीला बैठक लागते. म्हणून आता ओटा फक्त ४५ सेंटिमीटर, पुढे पाटी, मागे बसायला जागा, आणि गिऱ्हाईकाच्या बाजूला एक अरुंद फळी, पिशवी टेकायला. फरशी खरखरीत दगडाची. चकचकीत टाइलवर माशाचं पाणी पडलं की हाडवैद्य गाठावा लागतो. जमिनीला उतार एकास साठ, म्हणजे तीन मीटरला पाच सेंटिमीटर. शेवटी उचलता येणारी जाळी, खवले अडकायला छोटा खड्डा, मग गटार. दर दोन ओट्यांमागे एक नळ. वर २.७ मीटरवर छत, पश्चिमेकडे जास्त पुढे काढलेलं, कारण चारनंतरचं ऊन आणि जूननंतरचा पाऊस दोन्ही तिकडूनच येतात.

कारंजं गेलं. त्याची टाकी मात्र ठेवली आहे, छताचं पाणी साठवायला.

हे दुसरं ड्रॉइंग घेऊन गाईड सरांकडे गेलो तेव्हा त्यांनी पहिलाच प्रश्न असा विचारला की चौघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो. "गटाराची इन्व्हर्ट लेव्हल काय आहे?" म्हणजे गटाराचा तळ कुठल्या पातळीवर आहे. तो जर आमच्या जाळीच्या वर निघाला तर मासे धुतलेलं पाणी वाहून जायच्याऐवजी उलट चौकात येईल, आणि आत्यासकट सगळ्या बायकांना पुन्हा वर जावं लागेल, या वेळी योग्य कारणासाठी. ही पातळी कागदावर कुठे मिळाली नाही. ती मोजावीच लागणार. सर्व्हे लॅबमधून ऑटो लेव्हल आठ दिवसांसाठी मिळावा असा अर्ज मी दिला आहे. मिळाला तर मेच्या दुसऱ्या आठवड्यात जायचं ठरतंय. ग्रुपमधले दोघं इंटर्नशिपला चाललेत, म्हणून स्टाफ धरायला आणि रीडिंग लिहायला दोन माणसं हवी आहेत. ब्रँच कुठलीही चालेल. राहायची सोय झाईला आमच्याकडे. जेवायला मासे. पण मेमध्येच या, १ जूनपासून मासेमारी बंद असते, मग फक्त सुके बोंबील मिळतील.